शिडीवरून माणूस पडला, मालकाचे काय चुकले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत मशीनिंग आणि फॅब्रिकेशनचा कारखाना, पंचवीस-तीस कामगार. शेडमधला बंद पडलेला दिवा बदलायला ठेकेदाराचा इलेक्ट्रिशियन चढला, शिडी खालून सरकली आणि त्याचे मनगट मोडले. शिडी कारखान्याची होती. ठेकेदार म्हणतो, मालकाने बघावे. मालक विचारतात, "हेल्मेट दिलं होतं, जपून चढ म्हणून सांगितलंही होतं. मग माझं काय चुकलं? शिडीला काही सर्टिफिकेट लागतं का? आणि पुढे नेमकं काय करू?" सोबत शिडीचा फोटो पाठवला आहे.

आधी तातडीचे. मनगट मोडलेला माणूस दोन दिवसांत कामावर येत नाही. अपघातानंतर ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ माणूस काम करू शकत नसेल, तर त्याची सूचना सरकारकडे जावी लागते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ८८ मध्ये ही मर्यादा होती, त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही तीच आहे. महाराष्ट्रात हे खाते म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. "आमच्या हजेरीपटावर नाही तो" म्हणून सूचना टाळू नका. अपघात तुमच्या छपराखाली झाला आहे. त्या माणसाचा ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) नंबर चालू आहे का, हे ठेकेदाराकडून आजच लेखी घ्या. चालू असेल तर उपचार आणि पगाराची भरपाई तिकडून सुरू होईल. नसेल तर भरपाईचा विषय तुमच्या दारात येणार हे धरून चला. ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई आधी मूळ मालकाने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम १२ पासून चालत आले आहे. तुम्ही आणि ठेकेदार भांडत बसाल तेवढे दिवस तो पोरगा हात गळ्यात अडकवून घरी बसेल, एवढाच त्या भांडणाचा उपयोग.

आता कायदा काय म्हणतो ते. जुन्या कारखाना कायद्यातले कलम ३२ सरळ होते: माणूस पडू शकेल अशा उंचीवर काम करायचे असेल, तर शक्य तितके कठडा घालून किंवा अन्य मार्गाने त्याच्या सुरक्षिततेची व्यवस्था करा. १९८७ च्या दुरुस्तीने त्यात कलम ७अ आले आणि सुरक्षित यंत्रसामग्री, कामाची सुरक्षित पद्धत, माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख या सगळ्याचे ओझे कारखान्याच्या ताबेदारावर, म्हणजे कारखान्याचा कारभार ज्याच्या हातात त्याच्यावर आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिच्या कलम ६ मध्ये मालकाची कर्तव्ये आहेत. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या प्रकरणात थेट लागू पडतात. एक, कारखान्याच्या आवारात जो कोणी असेल त्याच्या सुरक्षिततेला मालक जबाबदार, तो आत असल्याचे मालकाला माहीत असो वा नसो. दोन, सुरक्षिततेसाठी जे द्यायचे त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे कुणाचा जीव गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातली किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. तुमच्याकडे तो नसणार. म्हणजे तुमच्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी तुम्हीच.

सर्टिफिकेटचे विचारलेत ते बरे केलेत. मालवाहू लिफ्टची दर सहा महिन्यांनी आणि क्रेन, चेन, स्लिंग यांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हायची, जुन्या कायद्याची कलमे २८ आणि २९ त्यासाठीच होती. हातशिडीला त्या कलमांत तशी सक्ती नव्हती. त्यामुळे ती कुणाच्याच यादीत नसते. खरेदीच्या रजिस्टरला नाही, मेंटेनन्सच्या वहीत नाही, स्टोअरकीपरच्या चार्जला नाही. कंपाउंडच्या भिंतीला आडवी टेकवून ठेवलेली, ज्याला लागेल तो घेऊन जातो. कागद लागत नाही म्हणून तपासणीच लागत नाही, असा अर्थ बहुतेकांनी काढलेला असतो. अपघातानंतर निरीक्षक पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की ही शिडी चांगली आहे हे कोणी, कधी आणि काय बघून ठरवले होते? "जपून चढ सांगितलं होतं" हे त्याचे उत्तर होत नाही. जपून चढ म्हणणे ही इच्छा झाली, व्यवस्था नव्हे.

खरी चूक माझ्या मते त्या दिवशी शिडी सरकायच्या कितीतरी आधी झाली. हे काम शिडीवरूनच करायचे, हे ठरवले कोणी? कोणीच नाही. दिवा गेला, माणूस आला, शिडी होती, चढला. मालकाची जबाबदारी सुरू होते ती या जागी, आणि बहुतेक कारखान्यांत ही जागा रिकामी असते.

ब्रिटनमध्ये २००५ पासून उंचीवरच्या कामाचे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांची मांडणी मला आपल्याकडे वापरायला फार सोयीची वाटते. आधी विचारायचे, वर चढल्याशिवाय हे काम होईल का? नाही होत, तर पडताच येणार नाही अशी जागा देता येईल का, म्हणजे कठड्याचा प्लॅटफॉर्म, चाकांचा टॉवर, सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या पायांवर वर-खाली होणारा प्लॅटफॉर्म)? तेही जमत नसेल आणि काम हलके आणि थोड्या वेळाचे असेल, तरच शिडी. थोडा वेळ म्हणजे किती, यावर तिथल्या मार्गदर्शनात एकाच ठिकाणी अर्धा तास ही मर्यादा सांगितली आहे. म्हणजे शिडीला बंदी नाही, पण शिडी वापरायचे कारण सांगता आले पाहिजे.

तुमच्या शेडला हे लावून बघा. दिवे किती उंचीवर आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही, पण कुपवाडच्या शेडमध्ये सहा-सात मीटर साधारण असतातच. एवढ्या उंचीवर एका हातात फिटिंग धरून, दुसऱ्या हाताने स्क्रू काढत, टेकवलेल्या शिडीवर उभे राहायचे. शिडीला धरायला तिसरा हात कुठून आणणार? दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन टेकू कायम असावेत हा शिडीचा मूळ नियम. ज्या कामाला दोन्ही हात लागतात ते काम या नियमात बसतच नाही. मग उपाय काय? फिटिंग साखळी आणि कप्पीवर खाली येईल असे बसवून घेता येते. जुने दिवे एकदम एलईडीत बदलले तर चढण्याच्या वेळाच कमी होतात. सगळे दिवे एकाच दिवशी करायचे ठरवून सिझर लिफ्ट दिवसभरासाठी भाड्याने आणता येते. भाड्याचा आकडा ऐकून मालक दचकतात. एका मोडलेल्या मनगटाचा हिशेब कागदावर मांडला की दचकणे थांबते. एक गोष्ट मात्र करू नका. फोर्कलिफ्टच्या फोर्कवर लाकडी पॅलेट ठेवून त्यावर माणूस उचलायचा हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. शिडी बंद केली म्हणून हे सुरू होत असेल, तर आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखे होईल.

सांगली भागातल्या बाकीच्या धंद्यांनाही हे लागू आहे. हळदीच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीलाच शिडी टेकवतात. थप्पी म्हणजे भिंत नव्हे. वरचे एक पोते हलले की शिडीचा आधार गेला. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये फरशीवर दव आणि पाणी असते आणि रॅकवर चढायला साधी हातशिडी असते. जिथे रोज, तेही दिवसातून कितीतरी वेळा चढायचे आहे, तिथे हातशिडी द्यायचीच नाही. कठड्यासह पक्का जिना किंवा चाकांचा, ब्रेक असलेला प्लॅटफॉर्म द्यायचा. हातशिडी ही कधीमधीची वस्तू आहे.

आता तुमची शिडी का सरकली, ते बघू. तुम्ही लिहिता, "सुरुवातीला घट्टच होती, वर गेल्यावर सरकली." हे नेहमी असेच होते आणि त्यामागे साधे गणित आहे. माणूस शिडीवर जितका वर जातो, तितका शिडीचा पाय बाहेर ढकलणारा जोर वाढतो. जमिनीशी ७५ अंशांचा कोन असेल, तर टोकाशी पोचलेल्या माणसाच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा जोर पायथ्याला बाहेर रेटतो. ८० किलोचा माणूस धरला तर २१ किलोचा. शिडी तिरकी करून कोन ६० अंशांवर आणला, की तोच जोर ४६ किलोच्या घरात जातो. दुपटीपेक्षा जास्त. माणूस निम्म्या उंचीवर असताना हाच जोर निम्मा असतो. म्हणून खालच्या चार पायऱ्यांवर उड्या मारून "बघा, घट्ट आहे" म्हणणे हा पुरावाच नाही. शिडीची परीक्षा शेवटच्या पायऱ्यांवर होते.

यावरून चारास एकचा नियम निघतो. भिंतीला शिडी जिथे टेकते ती उंची चार मीटर असेल, तर पाय भिंतीपासून एक मीटरवर. मोजपट्टी लागत नाही. शिडीच्या पायाला बूट लावून ताठ उभे राहायचे आणि हात समोर सरळ करायचे. तळहात पायरीवर सहज टेकले की कोन बरोबर. हे प्रत्येक कामगाराला, ठेकेदाराच्या माणसालासुद्धा, एकदा करून दाखवा. तोंडी सांगून उपयोग नाही.

जमीन कशी आहे, ही उरलेली निम्मी गोष्ट. मशीन शॉपची फरशी कोरडी दिसली तरी तिच्यावर कूलंट आणि कटिंग ऑइलचा पातळ थर असतो. अशा थरावर रबराची पकड कितीतरी कमी होते. शिडी लावायची जागा आधी भुसा टाकून, पुसून कोरडी करायची, हे कामाचाच भाग म्हणून धरायचे. त्यानंतर वरचे टोक बांधायचे. ते शक्य नसेल तर पाय बांधायचे किंवा अडवायचे. दोन्हीही जमत नसेल तरच माणूस खाली धरायला उभा करायचा. हा क्रम उलटा झालेला मी जवळजवळ सगळीकडे बघतो. "खाली एक जण धरून उभा आहे ना" एवढ्यावर निर्धास्त असतात. ४६ किलोचा रेटा तेलकट फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या बुटांनी अडणार आहे का? शिवाय तो माणूस बहुतेक वेळा वर बघत नसतो, मोबाईलमध्ये बघत असतो.

आता फोटो. मोठा करून बघितला. शिडी तुमच्याच फॅब्रिकेशन शॉपमध्ये बनलेली आहे, हे न सांगता कळते. बाजूला एक इंची स्क्वेअर पाईप, पायऱ्यांच्या जागी १२ मिलिमीटरची सळी, वरून सिल्व्हर रंग. खालच्या टोकांना रबर नाही, पाईप तसाच कापून सोडला आहे. उजव्या पायाची कड आतल्या बाजूला चकाकते आहे. म्हणजे तो पाय फरशीवर पूर्ण टेकतच नव्हता, एका कडेवर उभा होता. खालून तिसऱ्या सळीच्या टोकाशी वेल्डिंगच्या बाजूने रंगाला केसासारखी रेघ गेलेली दिसते. ती नुसती रंगाची आहे की वेल्डिंगची, हे फोटोवरून सांगता येणार नाही. पण ज्या शिडीबाबत असा प्रश्न पडतो ती वापरात ठेवायची नसते.

फॅब्रिकेशनवाल्यांना हे बोललेले आवडत नाही. "आमचं वेल्डिंग तुटत नाही हो." वेल्डिंग चांगले असेलही. पण १२ मिलिमीटरची गोल सळी पायाखाली घसरते, बुटाच्या तळव्यात रुतते, आणि दहा मिनिटे उभे राहिले की माणूस कळ लागून पाय बदलायला लागतो. पाय बदलताना तोल जातो. पातळ पाईपवर जास्त करंट लागला तर पाईप जळून पातळ होतो, कमी लागला तर वरवरचा टाका बसतो. दोन्ही रंगाखाली झाकले जातात. वजनाचा मुद्दा वेगळाच. एवढी लोखंडी शिडी एकट्याने उभी करताना माणूस आधीच दमतो. बाजारातून घ्यायची असेल तर शिडीवर कमाल वजनाचा शिक्का आणि मानकाचा उल्लेख बघा. शिड्यांच्या सुरक्षिततेसाठी आपले भारतीय मानक आयएस ३६९६ भाग २ आहे. युरोपच्या ईएन १३१ मानकाच्या शिड्या १५० किलोपर्यंतच्या असतात, त्यात माणूस, हत्यारे, सामान सगळे आले. सांगलीच्या गणपती पेठेत दुकानदार "घरगुती" आणि "इंडस्ट्रियल" असे दोन भाव सांगतो. घरगुती घेऊ नका, पडद्याचे रॉड बसवायला ठीक असते ती.

विजेचे काम असेल तर अॅल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही बाद. फायबरग्लासची शिडी घ्या आणि तीसुद्धा कोरडी, स्वच्छ ठेवा. बाहेरच्या आवारात आणखी एक धोका असतो. शिडी उभी करून दोघे चालत नेतात आणि वरून महावितरणची तार गेलेली असते. शिडी आडवीच न्यायची. तारेपासून आडवे सहा मीटर अंतर ठेवा असे ब्रिटिश मार्गदर्शनात सांगितले आहे. आपल्या आवारात एवढी जागा क्वचितच असते, म्हणून लाईन बंद करून घेतल्याशिवाय तिथे शिडी उभीच करायची नाही, असा नियम करा.

रंगकामवाले घोडा (उघडून स्वतःच्या पायांवर उभी राहणारी दुहेरी शिडी) आणतात, त्याबद्दल दोन शब्द. घोडा पूर्ण उघडून, मधला पट्टा किंवा साखळी ताणलेली असेल तरच चढायचे. मिटलेला घोडा भिंतीला टेकवून साध्या शिडीसारखा वापरायचा नाही, त्याचे पाय त्या कोनासाठी केलेले नसतात. सगळ्यात वरच्या पाटावर उभे राहायचे नाही. कामाकडे तोंड करून घोडा लावायचा. बाजूला तोंड करून ड्रिल मारले की तो आडवा होतो. आणि बांबूची शिडी किंवा घोडा आणला तर बांधणी हाताने हलवून बघा. सुंभ सुकून सैल झालेले असते, तारेची बांधणी गंजून आतून गेलेली असते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गोदामांत पाणी होते तिथल्या लाकडी आणि बांबूच्या शिड्या नुसत्या वाळवून परत वापरात आल्या, असे मी पाहिले आहे. पाण्यात राहिलेले लाकूड वरून ठणठणीत दिसते आणि सांध्यात कुजलेले असते. लाकडी शिडीला ऑइलपेंट कधीच देऊ नका. रंगाखाली चीर दिसत नाही. वार्निश किंवा जवसाचे तेल द्या, म्हणजे लाकूड उघडे दिसते.

तपासणीची पद्धत साधी ठेवा, नाहीतर ती आठवड्याभरात बंद पडते. प्रत्येक शिडीवर नंबर टाका. वहीत त्या नंबरची एक ओळ: कधी घेतली, कुठे असते, तीन महिन्यांनी कोणी बघितली, काय दिसले. बघायचे काय? पायाचे रबर झिजून धातू वर आला आहे का, रबरात लोखंडाचा बर, म्हणजे कापकामातला बारीक तुकडा, रुतून बसला आहे का (मशीन शॉपमध्ये हमखास असतो आणि त्याने रबर गोटीसारखे घसरते), पायरी हाताने पिळली तर फिरते का, बाजूचा पाईप वाकलेला आहे का, सरकत्या शिडीचा अडसर नीट बसतो का. याशिवाय वापरणाऱ्याने रोज चढण्याआधी एक नजर टाकायची, तिला वहीत लिहायची गरज नाही. लिहायला लावले की लोक न बघता सह्या करतात.

नादुरुस्त निघालेली शिडी "बाजूला ठेवा" असे कधीच म्हणू नका. बाजूला ठेवलेली शिडी रात्रपाळीला परत येते. त्याच दिवशी गॅसकटरने मधोमध कापायची. आणि चांगल्या शिड्या साखळी-कुलपात ठेवा, चावी सुपरवायझरकडे. यामागे चोरीची भीती नाही. चावी मागायला माणूस आला की सुपरवायझर विचारू शकतो, कशाला हवी, किती वर जायचे, हातात काय नेणार. तुमच्या कारखान्यात शिडी घेताना हे तीन प्रश्न कोणी विचारत नव्हते. मी म्हणतो ती व्यवस्था म्हणजे बहुतांशी हेच. दोन मीटरच्या वर जायचे असेल तर या प्रश्नांचीच अर्ध्या पानाची चिठ्ठी करा, तोच तुमचा परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना. काही कंपन्या १.८ मीटरपासून परमिट लावतात.

दोन मीटर काही फार नाहीत असे वाटते. तेवढ्या उंचीवरून पडलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर असतो आणि त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो. तेवढ्या वेळात स्वतःला सावरणे कुणालाच जमत नाही. हात पुढे येतो आणि मनगट मोडते. तुमच्या इलेक्ट्रिशियनचे तेच झाले.

हेल्मेटचे म्हणाल तर हनुवटीचा पट्टा लावलेला नसेल तर डोके जमिनीवर पोचण्याआधी हेल्मेट बाजूला पडलेले असते. पट्टा होता का, हे विचारून घ्या. आता तुम्ही घाईने सेफ्टी बेल्ट आणाल, म्हणून आधीच सांगतो. बेल्टची दोरी शिडीलाच अडकवली तर शिडी आणि माणूस दोघे बरोबर खाली येतात. वर पक्का बांधकामाचा आधार असेल तरच त्याचा उपयोग, आणि एवढा आधार असेल तर बहुतेक वेळा शिडीऐवजी दुसरी सोय करता येते.

शेडच्या पत्र्यावर जाणे हा वेगळाच विषय आहे, पण मे महिन्यात गळती काढायला सगळेच चढवतात, म्हणून एवढे तरी. वर उतरायच्या कडेपेक्षा शिडी किमान एक मीटर वर गेली पाहिजे, म्हणजे पाय टाकताना धरायला काही राहते. वरचे टोक बांधलेले हवे. सिमेंटचा पत्रा आणि उजेडासाठी घातलेला फायबरचा पत्रा माणसाचे वजन घेत नाहीत. वर्षानुवर्षांच्या धुळीने उजेडाचा पत्रा बाकीच्यांसारखाच दिसतो. "बोल्टाच्या रेघेवरून चालतो की, काही होत नाही" हे मी जुन्याजाणत्या मिस्त्र्यांकडूनही ऐकले आहे. पत्र्यावर फळ्यांची वाट टाकल्याशिवाय कुणालाही पाठवू नका. पाठवायचे ठरवलेच तर ते काम नेहमीच्या वायरमनचे नाही, पत्र्याच्या कामाची माहिती असलेल्या माणसाचे आहे.

प्रशिक्षणाबद्दल माझे मत थोडे उलटे आहे. कामगारांना तासभर बसवून व्हिडिओ दाखवण्यापेक्षा सुपरवायझरला नाही म्हणायचा अधिकार द्या. आपल्याकडे माणूस चढतो तो बहुधा कुणीतरी घाई केल्यामुळे. "मालक, पाच मिनटाचं काम हाय, आत्ता येतो करून" असे कामगार म्हणतो आणि मालकाला ते ऐकून बरे वाटते. तुम्ही त्या वेळी "थांब, टॉवर लाव" म्हणालात आणि डिस्पॅचला अर्धा तास उशीर झाला तरी चिडला नाहीत, तर महिन्याभरात सगळ्या शॉपला कळते. तुम्ही चिडलात तर भिंतीवरचे सगळे बोर्ड फुकट गेले. चक्कर येणारा, बीपीच्या गोळ्या नुकत्याच सुरू झालेला, रात्रपाळी करून थांबलेला माणूस शिडीवर जाऊ नये, हेही सुपरवायझरनेच बघायचे. कामगार स्वतःहून सांगत नाही, सांगितले तर काम जाईल असे त्याला वाटते.

ठेकेदाराशी पुढचा करार करताना दोन ओळी घाला: शिडी, टॉवर, हत्यारे कोणाची, आणि काम सुरू करण्याआधी ती कोण बघणार. त्याने स्वतःची शिडी आणली तरी गेटवर तुमच्या माणसाने ती बघायची आणि ठीक नसेल तर परत पाठवायची. तुमची शिडी त्याला द्यायची असेल तर तुमच्या वहीतली, नंबर असलेलीच द्यायची. कागदावर "सर्व जबाबदारी ठेकेदाराची" असे लिहून घेतल्याने संहितेच्या कलम ६ मधली तुमची जबाबदारी संपत नाही. फार तर नंतर पैसे वसूल करायला तो कागद उपयोगी पडतो.

फोटोतली शिडी मात्र सध्या कापू नका. संचालनालयाचे निरीक्षक येऊन बघेपर्यंत ती आहे तशी कुलपात ठेवा, रबर लावू नका, त्या रेघेवर टाका मारू नका. अपघाताच्या जागेचे, फरशीचे फोटो काढले नसतील तर आज काढा. त्यांचे बघून झाले आणि त्यांनी हरकत नाही असे सांगितले की कापा. बाकीच्या दिव्यांचे काम तोवर थांबवा. अंधार फारच होत असेल तर जमिनीवर ठेवायचे स्टँडचे फ्लडलाईट आणून मशीनपाशी लावा. त्यांच्या वायरी येण्याजाण्याच्या वाटेत येणार नाहीत एवढे बघा.